तोफेखालचं पाणी

समुद्राच्या तळाशी, अंधूक हिरव्या उजेडात, हुबेहूब तुमच्यासारखे कपडे घातलेली एक बाई हात हलवून तुम्हाला बोलावू लागली, तर तुम्ही जाल का? चटकन हो म्हणू नका. कोरड्या कपड्यांत, पोटात भात असताना सगळेच शूर असतात. जपानच्या किनाऱ्यावरच्या हिराउरा गावातल्या सेकीला हा प्रश्न कुणी तोंडानं विचारला नाही. तो पाण्याखाली तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि छातीत जेवढा श्वास उरला होता तेवढ्यातच तिला उत्तर द्यायचं होतं.

सेकी आमा होती. बुडी मारून तळावरचे शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायांना तिकडे आमा म्हणतात. आई आमा, आजी आमा. हिराउरात मुलगी झाली की घर खुलायचं, कारण चूल बायांच्या दमावर पेटायची. पुरुषाचं काम होडीत बसून दोर धरायचं. एक होडी, एक बाई, एक पुरुष. बाई कमरेला दोर बांधते, लोखंडी वजन पोटाशी धरून सरळ खाली जाते, पटाशीनं खडकाचे शिंपले उचकटते, आणि दम संपत आला की दोराला हिसका देते. मग वरचा माणूस जीव तोडून ओढतो. म्हणून दोर धरायला नवरा हवा, नाहीतर बाप. परक्याच्या हाती तो कधी कुणी दिला नाही. वर आलेली बाई ओठांचा चंबू करून दम सोडते, त्याची लांब शीळ होते. ती शीळ ऐकली की होडीतला माणूस पुन्हा आपल्या पाइपकडे वळतो. शीळ येईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलत नाही.

सेकीला पाण्याची भीती नव्हती. भीती पाण्यातल्या बाईची होती.

त्या बाईचं नाव किनाऱ्यावरही मोठ्यानं घेत नाहीत. तोमोकाझुकी म्हणतात तिला. म्हणजे आपल्यासोबत बुडी मारणारी, सोबतीण. ढगाळ दिवशी येते. तेच पांढरे कपडे, डोक्याला तेच फडकं, डोळ्यांवर तोच काचेचा चष्मा. कधी ओळखीच्या बाईचा चेहरा घेऊन येते. हातात मोठा शिंपला धरून दाखवते, हसते, ये ये करून बोलावते. तिचा हात जिनं धरला ती वर येत नाही. ओळखायची खूण एकच: जिवंत बाईला दोर असतो, तिला नसतो. दिसली की शिंपला सोडायचा, पटाशी सोडायची आणि वर निघायचं. मागे वळून बघायचं नाही. आणि नंतर दोन दिवस पाण्यात उतरायचं नाही. शहरातून आलेले शहाणे ही गोष्ट ऐकून मिशीतल्या मिशीत हसतात. हसोत. त्यांच्या पोरींना कुणी त्या थंड अंधारात उतरवत नाही.

सेकी लग्न करून सासऱ्याच्या, योहेईच्या घरात आली तेव्हा त्या घरात बाई उरलेलीच नव्हती. योहेईची बायको एका ढगाळ दिवशी चटई नावाच्या बुडालेल्या खडकावर उतरली आणि दोर रिकामा वर आला. दोर योहेईच्याच हातात होता. गावानं कारण शोधत वेळ घालवला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं कोण घेऊन गेली ते. मागे राहिली ती छोटी मिने. सेकीनं या नणंदेला वाढवलं, तिच्या केसांतल्या उवा काढल्या, तिला बुडी शिकवली. तिच्या पहिल्या फडक्यावर काळ्या दोऱ्यानं चांदणी आणि जाळी शिवून दिली. ही खूण असली की सोबतीण जवळ येत नाही म्हणतात. चांदणी एका दमात, दोरा न तोडता शिवायची; जिथून सुरू तिथेच संपवायची, म्हणजे बाईही गेली तशी परत येते.

मिने मोठी झाली ती तिखट जिभेची. पुढचा दात पडलेला, त्यामुळे हसली की लबाड दिसायची. तिचा नवरा मालवाहू जहाजाबरोबर बुडाला तेव्हाही ती चारचौघींत रडली नाही. सोबतिणीवर तर तिचा भलताच राग. आईला नेली ना तिनं. भेटू दे एकदा, म्हणायची, पटाशीनं तिचे दात पाडते, मग आम्ही दोघी सारख्या दिसू. असं बोललं की सेकी घाईघाईनं होडीच्या काठावर पटाशी टकटक वाजवायची, अभद्र झटकून टाकायला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वसंतात हिराउराला तोफ आली.

पडावावर लादून आणलेली, ताडपत्रीत गुंडाळलेली लांबलचक तोफ. रशियाशी लढाई झाली त्या काळातल्या एका जहाजाच्या कुशीत ती बसवलेली होती. जहाज कधीच भंगारात गेलं, तोफ कुठल्याशा गोदामात पडून राहिली. आता नवी जहाजं बुडाली होती, नव्या तोफा तळाला गेल्या होत्या, म्हणून ही जुनी बाहेर काढली. गावालगतच्या टेकडीवर, तोबीच्या टोकावर, समुद्राकडे तोंड करून ती बसवायची होती. बैल नव्हते, ट्रकला तेल नव्हतं, गावात तरणा पुरुष नव्हता. मग कोण चढवणार? तुकडीबरोबर आलेल्या कुरिमोतो साहेबांनी गावच्या बायांना बोलावलं. होड्यांचे दोर आणायला लावले. ओंडक्यांना शार्कचं तेल फासून त्यावरून बायांनी ती म्हातारी वर ओढली. होडी वाळूवर ओढताना जे गाणं म्हणतात तेच गाणं म्हणत ओढली. दुसरं कुठलं त्यांना येतच नव्हतं.

योहेई जवानीत त्याच जहाजाच्या बॉयलरवर कोळसा टाकायचा. तोफ बघून तो बराच वेळ तिच्याभोवती फिरला. मग खाली येऊन म्हणाला, "हिला मी ओळखतो. मी खाली कोळशात असायचो आणि ही वर वाऱ्याला. तेव्हा दोघंही तरणे होतो. आता मला टेकडी धड चढवत नाही, आणि हिला तर बायांनी चढवली."

बाया हसल्या. ते त्या तोफेवरचं शेवटचं हसणं.

कारण त्या संध्याकाळीच सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली आणि कुणी ती बोललं नाही. मोठ्या शहरांवर जाणारी विमानं रोज हिराउरावरून जायची. आतापर्यंत ती वर मान करून बघण्यापुरती होती. योहेईच्या भाषेत, हिराउरावर बॉम्ब टाकणं म्हणजे बॉम्बचं नुकसान. आता तसं राहिलं नव्हतं. आता टेकडीवर काहीतरी होतं. तोफेवर गावातलीच फाटकी जाळी पसरून, तिच्यात फांद्या खोचून ती झाकली, पण फांद्या वाळल्या की पिवळ्या पडायच्या आणि हिरव्या टेकडीवर तो पिवळा डाग खालूनही दिसायचा. मग वरून किती दिसत असेल? विमानांचा आवाज आला की बाया आधी आकाशाकडे नाही, टेकडीकडे बघू लागल्या. आपल्याच घरात कुणी चोर लपवून ठेवावा तसं झालं होतं.

पहिल्यांदा ती उडवली तेव्हा शेकघरातल्या मातीच्या वाट्या फळीवरून खाली आल्या. शेकघर म्हणजे बुडीनंतर बाया विस्तवाशी अंग शेकतात ती झोपडी. तोफेची दारू जुनी आणि दमट. गोळा समुद्रात दूर जायचा तो जवळच पडून फुटला. घटकाभरानं लाटांवर मासे तरंगत आले, पोटं वर, डोळे बाहेर. भुकेचे दिवस. बायांनी मुकाट्यानं टोपल्या भरल्या. पण शेकघरात मासे साफ करायला बसल्यावर ओकाने, गावातली सगळ्यांत जुनी आमा, थांबली. तिनं एक मासा उघडून सगळ्यांपुढे धरला.

"बाहेर ओरखडा नाही," ती म्हणाली. "आतून फाटलाय."

सेकीनं आपल्या छातीवर हात ठेवला. तो ठेवलाय हे तिला नंतर कळलं.

ओकाने दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेली आणि कुरिमोतो साहेबांना विचारून आली. साहेब वाईट माणूस नव्हता. चष्मा लावणारा, हळू बोलणारा. त्यानं ठरवून दिलं की तोफ दुपारीच उडवतील आणि त्याआधी काठीवर लाल निशाण चढवतील. निशाण दिसलं की बायांना वर ओढायचं. घंटा वाजवली असती तर बरं झालं असतं, पण देवळाची घंटा मागच्याच वर्षी लोखंडी सामानाबरोबर वितळवायला गेली होती. म्हणजे होडीतल्या माणसानं निशाण बघायचं आणि दोर ओढून खालच्या बाईला सांगायचं. टेकडीपासून तळापर्यंत निरोप पोचवणारी गोष्ट तेवढी एकच, तो दोर.

आणि दोर धरायला माणसं कुठे होती? सेकीचा नवरा लढाईवर मांचुरियात, असलाच तर. मिनेचा समुद्रात. घरात एकटा योहेई, सांधे धरलेला. एक होडी, एक बाई, एक पुरुष हा नियम मोडला. आता एका होडीत दोन बाया जायच्या आणि आळीपाळीनं उतरायच्या. एक खाली असताना दुसरी होडीत. दोघी एकाच वेळी पाण्यात कधीच नाही, कारण योहेईचे हात दोन दोर पेलू शकत नव्हते. हा नवा नियम योहेईनं स्वतः घालून दिला होता आणि तो सांगताना त्यानं चटईच्या दिशेला पाठ केली होती.

त्या वर्षी शिंपल्यांपेक्षा शेवाळ जास्त मागत. ते जाळून राखेतून क्षार काढायचे, आणि तो क्षार म्हणे तोफांच्या दारूसाठी जायचा. गावाला ठरवून दिलेलं शेवाळ द्यावंच लागे. जवळचे खडक बोडके झाले. उरली ती चटई. तिथलं शेवाळ कुणी कापलं नव्हतं. का, ते ठाऊकच आहे. आणि चटई बरोबर तोबीच्या टोकाखाली.

तो दिवस ढगाळ होता. ढग इतके खाली की टेकडीचा माथा मधूनच दिसायचा, मधूनच पुसला जायचा. सेकीला उतरायचं नव्हतं. योहेईला तिला उतरवायचं नव्हतं. पण तोफ दुपारी उडणार होती, सकाळ मोकळी होती, आणि गावाचं शेवाळ कमी पडलेलं होतं. होडी चटईवर थांबली तेव्हा तिघंही खाली बघायचं टाळत होते. मिनेनं वाळवलेल्या रताळ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"वहिनी, ती भेटली तर वर घेऊन ये," मिने म्हणाली. "कापायला दोन हात वाढतील. जेवण तरी मागत नाही."

"तोंड बंद ठेव," योहेई म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

सेकीनं काठावर पटाशी वाजवली, वजन पोटाशी धरलं आणि खाली गेली.

खाली पाणी गढूळ होतं. चटईच्या काठाशी शेवाळ माणसाएवढं उंच उभं होतं आणि लाटेबरोबर सगळं एकदम एका बाजूला झुकायचं, मग दुसऱ्या. काठाखाली एक लांब कपार होती. तिथे तिला शिंपल्याची कड दिसली. मोठा शिंपला. हात जाईना म्हणून ती खांद्यापर्यंत आत शिरली. मागे तिचा दोर खडकाच्या फटीत गेला आणि घट्ट बसला. तिला ते कळलं नाही.

वर काय झालं ते तिला पुढे कळलं, आपण आत्ताच सांगू. समुद्रात काहीतरी दिसलं असा निरोप टोकावर आला. पाणबुडी असेल, होडकं असेल, ढगाची सावली असेल. भ्यालेल्या माणसाला सगळं शत्रूच दिसतं. तोफ तेव्हाच उडवायचं ठरलं. निशाण चढवलं. ढग बाजूला झाला आणि योहेईला ते लाल फडकं दिसलं. त्यानं दोर ओढला. दोर येईना. पाय होडीच्या बाकाला रोवून ओढला. येईना. वीस वर्षांपूर्वी याच जागी त्याच्या हातात एक दोर नुसता हलका होऊन आला होता, आणि आज हा दगडासारखा जड. तो दोर हातात धरून तसाच बसून राहिला. मिनेनं त्याच्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं. स्वतःचा दोर बांधायला वेळ लागला असता. तिनं चष्मा ओढला आणि तशीच उडी मारली. बिनदोराची.

गोळा पुन्हा जवळच पाण्यात फुटला. सेकी कपारीत होती म्हणून वाचली. आधी काहीच ऐकू आलं नाही. खडकानंच तिला आतून धक्का मारल्यासारखं झालं. दात दातांवर आपटले. छाती कुणीतरी मुठीत धरून सोडली. मग सगळीकडे गाळ उठला आणि कानांत एकच बारीक किणकिण. ती मागे सरकत बाहेर आली. शेवाळ तुटून उलटसुलट तरंगत होतं. कुठे वर, कुठे खाली, क्षणभर काही समजेना.

आणि त्या गाळात तिला बाई दिसली.

पांढरे कपडे. डोक्याचं फडकं सुटून लांब पसरलेलं. केस मोकळे, तोंडावरून मागे, मागून तोंडावर. हात वर आला, खाली गेला. वर आला, खाली गेला. ये. ये.

सेकीनं तिच्या कमरेकडे बघितलं. दोर नव्हता.

होडीत मिने बसलेली होती. दोघी एका वेळी पाण्यात नसतात. ढगाळ दिवस होता. चटई होती. आता सांगा, तुमच्या डोक्यात दुसरं काय आलं असतं? सेकीनं शिंपला सोडला, पटाशी सोडली. दोराला हिसका दिला, दोर हलेना, तेव्हा कमरेचा फास सोडला आणि वर निघाली. शिकवल्याप्रमाणे मागे वळून न बघता. वरचा उजेड येतच नव्हता. पायाला काहीतरी लागलं, शेवाळ असावं, आणि तिनं पाय पोटाशी ओढले. आता पाय धरणार, आता धरणार.

डोकं पाण्याबाहेर आलं. शीळ निघाली नाही, नुसती किंकाळीसारखी हवा. होडी आडवी झाली होती. योहेई काठावर ओणवा, नाकातून रक्त. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे पाण्याकडे बघितलं.

"मिने कुठाय?" तो म्हणाला. "तुला आणायला गेली. मिने कुठाय?"

सेकीला आयुष्यभर वाटत राहिलं की त्या क्षणी समुद्राचा आवाज बंद झाला होता. कानांमुळे झाला असेल. बिनदोराची बाई. मोकळे केस. हात वर, हात खाली.

पण नीट समजून घ्या, तेव्हाही तिला खात्री नव्हती. सोबतीण ओळखीच्याच बाईचा चेहरा घेते. मिने खाली गेली हे खरं, पण ती खाली दिसली ती मिनेच कशावरून? आधीच मिनेला घेऊन, मग मिने होऊन ती बोलावत नसेल कशावरून? आणि टेकडीवर तोफ पुन्हा भरत होते. ती एकदा उडवून थांबत नसत. मासे तिला आठवले. बाहेर ओरखडा नाही. तिनं काठ धरला होता आणि बोटं सुटत नव्हती. योहेई जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. एवढंच बोलला, की दुसरं वजन पायाशी आहे. त्यानं ते उचलून तिच्या हातात दिलं. मिनेचं वजन होतं ते.

सेकी गेली. दोर तिच्याही कमरेला आता नव्हता.

गाळ थोडा बसला होता. बाई तिथेच होती, तळापासून हातभर वर, शेवाळाबरोबर झुकत. हात आता वर येत नव्हता, नुसता सोबत हलत होता. चष्मा निघून गेलेला. डोळे उघडे. चेहरा मिनेचाच होता, पण त्याचा उपयोग काय? चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हेच तर शिकवलेलं. सेकी तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबली आणि तिला ठाऊक होतं की थांबायला दम नाही. हात धरायचा. जिनं तो धरला ती वर येत नाही.

तिनं हात धरला.

सोबतीण धरते ती घट्ट, असं ओकाने सांगायची. बोटं हाडात रुततात. हा हात सैल होता. थंड, मऊ, सैल. झोपलेल्या पोरीचा असतो तसा. त्या सैलपणानं सेकीला कळलं की ही आपली आहे. आणि तेव्हा तिला जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण भूत नसेल तर मग ही मरत होती.

तिनं वजन टाकलं, मिनेला काखेतून धरलं आणि तळाला लाथ मारली. दोर नसताना दोघींना वर यायचं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. अर्ध्या वाटेवर दुसरा धमाका झाला. गोळा दूर गेला होता, तरी पाणी कडक झालं, भिंतीसारखं, आणि मग पुन्हा मऊ. तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. मिनेचे केस तिच्या तोंडात गेले होते. ती ते चावून धरून वर आली.

योहेईनं दोघींना कसं आत घेतलं हे त्यालाही पुढे आठवेना. नंतर महिनाभर त्याचे सांधे सुजलेले होते. त्यानं मिनेला काठावर पालथं घातलं आणि पाठीवर मारू लागला. थोपटणं नव्हतं, चोळणं नव्हतं, मारणंच होतं. लेकीनं बापाचा फार मोठा अपराध केल्यासारखा तो तिला मारत होता. पाणी आलं. आणखी पाणी आलं. मग खोकला. दोन्ही कानांतून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर उतरला.

शेकघरात बायांनी तिला विस्तवाजवळ निजवलं. कुरिमोतो साहेब धावतच खाली आले. त्यांचा चष्मा वाफेनं पांढरा झाला आणि तो पुसायचंही त्यांना सुचेना. निशाण लावलं होतं, ते म्हणाले. वेळ बदलावी लागली, पण निशाण लावलं होतं. खोटं नव्हतं ते. योहेई कोपऱ्यातून उठला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचं निशाण हवेत होतं. आमच्या बाया पाण्यात होत्या."

साहेबांनी मान खाली घातली. मग हलक्या आवाजात सांगितलं की ही गोष्ट गावाबाहेर जाऊ नये, जाणं कुणाच्याच हिताचं नाही. संध्याकाळी एक शिपाई साखरेची पिशवी ठेवून गेला. ती परत केली असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. परत केली नाही. कित्येक महिन्यांत साखर कुणी बघितली नव्हती. बायांनी ती पाण्यात घालून मिनेला पाजली आणि उरलेली आपापसांत वाटून घेतली. साखर परत करायला आधी पोट भरलेलं लागतं.

मिने शुद्धीवर आली तेव्हा सगळ्या तिच्याभोवती बसल्या होत्या. तिनं नजर फिरवून सेकीला शोधलं. ती बोलली ते ओरडूनच, कारण तिचा आवाज तिला ऐकू येत नव्हता आणि हे तिला अजून माहीत नव्हतं.

"वहिनी, मी हात केला आणि तू पळालीस!"

सेकीनं नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, मला वाटलं ती आहे. दोर नव्हता तुला. मिने तिच्याकडे बघत राहिली. सेकीनं पुन्हा सांगितलं. मिनेनं स्वतःच्या कानावर हात मारला, मग दुसऱ्या कानावर, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ओकानेनं तोंड फिरवलं. बाकीच्या बाया बोलू लागल्या, मीही पळाले असते, मीही, कुणीही पळाली असती. त्या सेकीला सोडवत होत्या, पण जिच्यापुढे सोडवायचं तिला एक अक्षर पोचत नव्हतं. शेवटी सेकी तिच्या अगदी समोर जाऊन बसली. तोंडासमोर तोंड. आणि एकच सांगत राहिली, हळूहळू, ओठ मोठे करून, पुन्हा पुन्हा.

"मी परत आले. मिने. मी परत आले."

मिनेनं ओठ वाचायला तिथे सुरुवात केली. ते पहिलं वाक्य. बराच वेळ लागला तिला. मग ती तिच्या आवाजात, फार मोठ्यानं म्हणाली, "उशिरा आलीस," आणि सेकीचा हात धरला. घट्ट धरला. सेकीच्या अंगावर काटा आला, पण तिनं हात काढला नाही.

युद्ध संपलं. तोफेनं शत्रूचं एक जहाजही बघितलं नाही. परदेशी शिपायांनी येऊन तिचा मागचा भाग सुरुंगानं फोडला आणि निघून गेले. पुढे भंगारवाला आला, त्यानं बायांना विचारलं, दोर लावून खाली ओढून द्याल का. ओकानेनं सांगितलं, चढवली आम्ही, उतरवा तुम्ही. तो एकटा काय उतरवणार? तोफ राहिली.

सेकीचा नवरा परत आला नाही. ती म्हातारी होईपर्यंत बुड्या मारत राहिली, पण ढगाळ दिवशी कधी नाही. आणि होडीतून उतरताना कुणी हात पुढे केला तर ती आधी त्या हाताकडे बघायची, मग त्या माणसाच्या कमरेकडे, आणि मगच तो धरायची. नव्या लोकांना ते विचित्र वाटायचं. मिने पुन्हा पाण्यात गेली नाही. कानांचे पडदे गेलेली बाई पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच विसरते.

आता टोकावर रस्ता झालाय. तोफेला राखाडी रंग दिलाय, बाजूला बाक ठेवलंय, लोक पोरांना नळीवर बसवून फोटो काढतात. आणि एक पाटी लावलीय, त्यावर लिहिलंय की या तोफेमुळे कधी कुणाला इजा झाली नाही. सेकी शेवटची काही वर्षं त्या पाटीसाठी कचेरीत चकरा मारत होती. तिथला बाबू म्हणायचा, आजी, तुमच्याकडे पुरावा काय? सेकी म्हणायची, पुरावा बसथांब्याजवळ शेवाळ विकत बसलाय, जाऊन हाक मारून बघ. बाबू कधी गेला नाही. सेकी गेल्या हिवाळ्यात वारली. पाटी तशीच आहे.

मिने आहे. बसथांब्याजवळ निळ्या छत्रीखाली बसते. गिऱ्हाइकं मागून येऊन भाव विचारतात, उत्तर मिळालं नाही की म्हातारी तोऱ्यात आहे म्हणून पुढे जातात. तुम्ही कधी तोबीला गेलात तर तोफेकडे नंतर जा. आधी मिनेकडे जा. तिच्या बरोबर समोर उभे राहा, तुमचे ओठ तिला दिसू द्या, सावकाश बोला; आणि तिला त्या दिवसाबद्दल विचारा.